दोर धरायला कुणी नव्हतं

बुद्धाचं नाव घेऊन मला कुणी शांत राहायला सांगितलं की माझं टाळकंच सटकतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं वाचताना कुणी म्हणायला नको की बाई फार तोंडाळ आहे. आहेच मी तोंडाळ. मी एसटीत कंडक्टर आहे. कराड-कोयनानगर गाडीवर दिवसभर "पुढं सरका, आत जागा हाय, दाराला काय चिकटून बसलाय" असं ओरडणाऱ्या बाईचा गळा मंजुळ कुठून राहणार?

पण त्याच गाडीवर मी कविता केल्या. कोयनानगरला गाडी लावली की परतीच्या वेळेपर्यंत तासभर मोकळा मिळतो. ड्रायव्हरमामा तोंडावर टॉवेल टाकून मागच्या सीटवर आडवे होतात आणि मी पुढं बसून मोबाइलवर टाइप करते. कविता कशावर, तर जे खिडकीतनं दिसतं त्यावर. घाटातल्या करवंदीच्या जाळ्या. रस्त्याच्या कामावर डांबराच्या वाफेत तोंडाला पदर बांधून खडी पसरणाऱ्या बायका. भूकंपाचा धक्का बसला तरी हातातली चहाची बशी खाली न ठेवणारी माणसं. भांडी वाजायची थांबली की "हं, गेला" म्हणून पुढचा घोट घेतात. धरणात गेलेल्या गावातल्या एक आजी होत्या, त्या तिकीट मागताना अजून जुन्याच गावाचं नाव सांगायच्या. मी म्हणायची, "आजी, तिथं आता मासं ऱ्हात्यात." त्या म्हणायच्या, "मग माशांच्या गावाचं दे."

आणि बुद्ध. आमच्या घरात बुद्ध काही शोकेसमधला नाही. आमची वस्ती उंब्रजच्या अलीकडं, हायवे सोडून आत, गावाच्या खालच्या अंगाला. गावाच्या खालच्या अंगाला म्हटलं की आमच्याकडं बाकीचं सांगावं लागत नाही. विहार आहे, विहारापुढं निळा झेंडा आहे, पौर्णिमेला वंदना असते. लहानपणी वंदना संपली की खीर मिळायची, म्हणून मी पहिल्या ओळीत बसायची. तेव्हापासूनचा बुद्ध आहे तो माझा. त्याची ओळख मला कुणी सोफ्यावर बसलेल्या माणसानं करून द्यायची गरज नाही.

एवढ्या कविता झाल्यावर कुणीतरी सांगलीच्या एका प्रकाशकाचा नंबर दिला. मी कविता पाठवल्या. त्यांचा फोन आला, आवाज अगदी साजूक तुपातला. "ताई, काय दर्जेदार लेखन आहे! निसर्ग, कष्टकरी आणि बुद्ध. त्रिवेणी संगमच हो. असा संग्रह सध्या कुणी काढत नाही." मी हुरळले. खोटं कशाला बोलू? आयुष्यभर "ओ कंडक्टर" एवढंच ऐकलेल्या बाईला कुणी लेखिका म्हटलं तर हुरळणारच ना. संग्रहाचं नाव मला 'दोर' ठेवायचं होतं. ते म्हणाले, "दोर म्हटलं की लोकांच्या मनात भलतंच येतं, ताई." मग 'बांधाकडेची सावली' ठरलं. ठीक आहे म्हटलं. नावात काय, आतली कविता तर राहतेय.

ती आतली कविता म्हणजे 'पिंपळ'. सगळा संग्रह मी तिच्यासाठी काढत होते. बाकीच्या कविता माझ्या होत्या, ही आबांची होती.

आबा म्हणजे माझे वडील. ते लाकूडतोडीचं काम करायचे. बाभळ म्हणू नका, निलगिरी म्हणू नका, वठलेला आंबा म्हणू नका, कुणाचं झाड उतरवायचं असलं की आबांना सांगावा यायचा. झाड पाडणं हे एकट्याचं काम नाही. एकजण बुंध्याशी कुऱ्हाड घेऊन, आणि दोघंतिघं लांब, दोराला. दोर वर शेंड्याजवळ बांधायचा आणि कुऱ्हाड शेवटाला आली की झाड ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला ताणून धरायचा. दोर ढिला पडला की झाड आपल्या मर्जीनं पडतं. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

गावात एक मोठं घर होतं, अजून आहे. ऊस, बंगला, घरातली दोन माणसं मिलिटरीत. त्यांच्या विहिरीच्या दगडात एक पिंपळ उगवला होता. पिंपळाचं मूळ म्हणजे दगडालाही पाझर फोडणारं. विहिरीचं बांधकाम फुगायला लागलं, दगड निखळून पाण्यात पडायला लागले. थोरल्या मालकांनी ठरवलं, पिंपळ काढायचा. पण काढणार कोण? पिंपळाला आपल्या हातानं कुऱ्हाड लावायची नाही, ही आमच्या भागातली रीत. पिंपळावर मुंजा असतो म्हणतात. जो तोडील त्याचं वाटोळं होतं, वंश बुडतो, आणखी काय काय. मग अशा वेळी खालच्या अंगाला निरोप येतो. "तुमच्यात चालतं की."

या तीन शब्दांवर मला एक पुस्तक लिहायचंय. मेलेलं म्हसरू ओढायचं, तुमच्यात चालतं. मयताची खबर घेऊन ऊन-पावसात गावोगाव पळायचं, तुमच्यात चालतं. देव सोडले म्हणून आम्हाला नावं ठेवणारी माणसं, देवाची भीती वाटली की आमच्याच दारात येऊन उभी राहतात! आणि गंमत बघा. पिंपळ तोडायला त्यांना सगळ्या दुनियेत कोण सापडावं, तर ज्यांचा बुद्ध पिंपळाखाली बसला होता ती माणसं. त्यांच्या डोक्यात आलंच नाही. त्यांचा हिशोब साधा होता, यांना देव नाही म्हणजे यांना झाडही नाही.

आबा कामाला गेले. का गेले म्हणून आमच्या वस्तीतल्या शहाण्यांनी त्यांना नंतर लय छळलं. "बोधीच्या झाडावर कुऱ्हाड चालवलीस, आता भोग." आबा एकदाच बोलले त्यावर. "बुद्ध झाडाखाली बसला, बरुबर हाय. बसायला सवड पायजे. मला रोजगार हुता." पुन्हा त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नाही.

तोडायच्या दिवशी थोरल्या मालकांनी बुंध्याला हळदकुंकू वाहिलं. आबांना नवं धोतर दिलं, हातात नारळ दिला आणि म्हणायला लावलं, "म्या तोडतोय, माज्या हातानं तोडतोय, मालकाचा यात काय संबंध न्हाई." आबा हसत हसत म्हणाले. त्यांना वाटलं, बोलायला काय पैसं पडतात? "आमी भुताला भेत न्हाई, मालक," वर असंही म्हणाले. तरुण होते, छाती पुढं काढून बोलायचे. घरात नवीन धोतर येतंय याचाच आनंद.

आबा झाडावर चढले, दोर बांधला, खाली उतरले आणि मालकांनी दोराला म्हणून देऊ केलेल्या गड्यांपुढं दोराचं टोक धरलं. दोघेही गडी बांधावर हात मागं बांधून उभे. एकजण म्हणाला, "दोर धरला म्हंजी तोडल्यासारकंच हाय की रं." दुसरा चार पावलं मागं गेला. मालकांचा मुलगा कॉलेजातनं सुट्टीला आला होता, तोही तिथंच उभा होता. शास्त्र शिकत होता म्हणे. आबांनी टोक त्याच्यापुढं केलं, तर त्यानं हात खिशात घातले.

मग आबांनी तो दोर बांधावरच्या एका बाभळीला आवळून बांधला आणि कुऱ्हाड घातली. झाड कलायला लागलं तसा दोर ढिला पडला. आबा ओरडले, "धाकलं मालक, दोर धरा! दोर धरा!" धाकटे मालक उभेच. पिंपळ भोवंडला आणि त्याची एक फांदी आबांच्या उजव्या पायावर आली. तरीही कुणी हात लावला नाही हो! फांदी उचलायला म्हणजे पिंपळालाच हात लावायचा ना. शेजारच्या उसात आमच्या वस्तीतल्या बायका भांगलत होत्या, त्यात माझी आई. खुरपी टाकून त्या धावत आल्या आणि त्या बायकांनी ती फांदी बाजूला केली. मी तेव्हा पाळण्यात होते. आईनं हे मला इतक्या वेळा सांगितलंय की ती फांदी मीच उचलल्यासारखं माझ्या हाताला वाटतं.

पाय गेला नाही, पण कामातनं गेला. गुडघ्याखाली वाकडा जुळला. झाडावर चढणं संपलं, कुऱ्हाड कोपऱ्यात पडली, घर आईच्या खुरप्यावर चाललं. आणि गावात गोष्ट काय पसरली? "पिंपळानं पाय घेतला." मालकाच्या घराला काही झालं नाही, तोडणाऱ्याला भोवलं, बघा, आपली जुनी माणसं काय येडी नव्हती. आजही गावात कुणी पोरगं पिंपळाच्या फांदीला लोंबकळलं की म्हणतात, "उतर, न्हाईतर त्या लंगड्यासारखं हुईल." माझ्या बापाच्या पायाची त्यांनी दृष्टांतकथा करून टाकली. दोर कुणी धरला नाही, ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

ती मी लिहिली. विहाराच्या पायरीवर बसून आबांना वाचून दाखवली. तिचा शेवट असा आहे:

दोर मोकळाच होता
गाव बांधावर उभं होतं
धरला असता तर
चिमूट चिमूट पाप
सगळ्यांच्या वाट्याला आलं असतं.
नाही धरला.
म्हणून माझ्या बापानं
अख्खं झाड घेतलं पायावर.

आबांनी परत वाचायला लावली. परत वाचली. मग पायावर हात फिरवत म्हणाले, "हे तू चार माणसात म्हणणार?"

"म्हणणार."

"गावातली आसतील?"

"असतील की. बोलावणारच आहे."

त्यानंतर त्यांनी पांढरा शर्ट धुऊन इस्त्रीला टाकला. कार्यक्रमाची तारीखसुद्धा ठरली नव्हती तेव्हा. आई हसायला लागली, "नवरदेवाची गडबड बगा!" पण मला कळलं होतं की या माणसाला आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी आहे. पिंपळानं पाय घेतला नाही, हे कुणीतरी गावासमोर मोठ्यानं म्हणायला हवंय. स्वतः म्हणायला गेला तर लोक म्हणणार, लंगडा चरफडतोय.

प्रकाशकांचा फोन आला की प्रकाशनाला पाहुणे ठरले. "तुमच्याच भागातले, ताई. शिक्षणसंस्थेचे चेअरमन, साहित्याची फार जाण. त्यांच्या सगळ्या शाळांच्या वाचनालयांत आपला संग्रह जाईल." नाव ऐकलं आणि मी हसलेच. धाकटे मालक! खिशात हात घातलेले धाकटे मालक आता चेअरमनसाहेब झाले होते. नको म्हणावं का, असा विचार मनात आला, पण आबांना सांगितल्यावर ते म्हणाले, "यिऊ दे की. त्यो तवाबी हुताच." मग मीही म्हटलं, येऊ दे. समोर बसून ऐकू दे. आगाऊपणा नडतो म्हणतात ते उगाच नाही.

पुस्तकांचं पार्सल सांगलीहून गाडीनंच आलं. कराड स्टँडवर मी ते उतरवून घेतलं आणि आमच्या गाडीत सीटवर ठेवून सुतळी तोडली. ड्रायव्हरमामांनी पहिली प्रत उचलली. "मॅडम, तुमचं नाव लय मोठं छापलंय!" मुखपृष्ठावर बुद्धाचा चेहरा, डोळे मिटलेला, गालात हसणारा, ब्यूटी पार्लरमधनं आल्यासारखा. खाली कमळ. मागं झाड, तेसुद्धा वडाचं! पारंब्या लोंबतायत. पिंपळाच्या झाडाखाली बसलेल्या माणसाला यांनी वटपौर्णिमेला बसवलं. मी कपाळाला हात लावला आणि आत 'पिंपळ' शोधायला लागले.

नाही. पुन्हा पानं उलटली. शेवटाकडनं पुढं आले. नाहीच. आजी आणि मासे होते, करवंदं होती, डांबराच्या बायका होत्या. 'पिंपळ' कुठंच नव्हती.

फोन लावला. "ताई, अहो, एक फॉर्म वाढत होता," ते म्हणाले. छापखान्यात मोठ्या कागदावर एकदम बरीच पानं छापतात, त्याला फॉर्म म्हणतात, हे त्यांनीच मला पूर्वी समजावलं होतं. "एका कवितेसाठी नवा फॉर्म परवडत नाही."

"मग दुसरी काढायची. हीच का?"

"खरं सांगू का ताई? त्या कवितेत जरा कटुता होती. बाकी संग्रहाचा सूर कसा करुणेचा आहे. बुद्ध म्हणजे करुणा, बुद्ध म्हणजे शांती. आणि पाहुण्यांनी प्रूफं मागवून घेतली होती. काढा असं नाही म्हणाले हं ते! फार सज्जन माणूस. एवढंच म्हणाले, ही एक नसती तर संग्रह अधिक निखळ झाला असता."

निखळ! झालं, माझी सटकली. "तुम्ही मला बुद्ध शिकवू नका," मी म्हटलं. "बुद्ध घरातनं निघाला तो काय शांत डोक्यानं निघाला होता? म्हातारं बघितलं, आजारी बघितलं, मढं बघितलं, काळीज हललं म्हणून निघाला. बघून गप्पच बसायचं असतं तर राजवाड्यात काय कमी होतं त्याला? आणि करुणा कुणाची कुणावर करायची हो? पाय माझ्या बापाचा मोडला आणि करुणा आम्हीच करायची? त्यांनी काय करायचं, प्रूफं वाचायची?"

गाडीत तोवर माणसं येऊन बसली होती. एक मावशी भाजीची पाटी मांडीवर घेऊन म्हणाली, "कुणाला झाडतीयास गं, नवऱ्याला व्हय?" मी म्हटलं, "न्हाई मावशी, शांतीदूताला." फोन ठेवला, घंटी ओढली. त्या दिवशी घाटात मी सुट्ट्या पैशांवरनं तिघांशी भांडले. त्यांचा काही दोष नव्हता.

आता हे आबांना सांगायचं कसं? पुस्तक हातात घेऊन घरी गेले. आबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, मुखपृष्ठावरनं हात फिरवला. त्यांना वाचायला जुजबी येतं, अक्षराला अक्षर लावून. म्हणाले, "आपली कुठल्या पानावर हाय, दाव." मी सांगून टाकलं. आईनं भाकरी थापायची थांबवली.

आबांचा चेहरा बघवत नव्हता. मला वाटलं आता हा माणूस गप्प होणार, नेहमीसारखा. आई म्हणाली, "जाऊच नगा तिकडं. कशाला शिळ्या कढीला ऊत आणताय?" आणि आबा भडकले. मी त्यांना असं भडकलेलं कधी पाहिलं नव्हतं. "कढी शिळी आसंल, पाय रोज ताजा दुकतोय!" आईवर ओरडून झाल्यावर माझ्याकडं वळले. "आन् तू गं? छापलं न्हाई म्हंजी झालंच न्हाई, आसं हाय व्हय? तोंड हाय न्हवं तुला? यष्टीत रोज यवढी बोंबलतीस, तितं काय दातखीळ बसणार हाय?"

मी म्हटलं, "न्हाई बसणार, आबा."

"मग शर्टाची इस्त्री मोडू नगा," एवढं बोलून ते बाहेर जाऊन बसले.

कार्यक्रम कराडला वाचनालयाच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. गावातली माणसं चेअरमनसाहेबांसाठी जीप भरभरून आली होती, आमची वस्ती आबांसाठी टेम्पो करून आली होती. हॉलमध्येही गाव वरच्या अंगाला आणि आम्ही खालच्या अंगाला बसलो, कुणी न सांगता. आबा मधल्या वाटेच्या कडेला, पाय लांब करता येईल अशा खुर्चीवर.

चेअरमनसाहेबांनी रंगीत कागदातनं पुस्तक बाहेर काढलं, छातीशी धरलं, फोटो झाला. मग भाषण. बोलतात छान, त्याबद्दल वाद नाही. कोयनेचं पाणी, घाटातलं धुकं, मातीतली लेक, सगळं झालं. आणि मग म्हणाले, "या कवयित्रीच्या वडिलांशी आमच्या घराण्याचा जुना ऋणानुबंध आहे. आमच्या विहिरीवरच्या पिंपळाची त्यांच्या पायाला बाधा झाली. पण आमच्या वडिलांनी त्यांना कधी अंतर दिलं नाही. आणि विशेष म्हणजे, इतकं सोसूनही या मुलीच्या शब्दांत कुणाबद्दलही कटुता नाही. हीच तर बुद्धाची शिकवण!"

टाळ्या! वरच्या अंगानं तर वाजवल्याच, आमच्याकडच्याही काहींनी वाजवल्या. अंतर दिलं नाही म्हणजे काय, तर एका दिवाळीला किडकी ज्वारी पाठवली होती. आईनं ती कोंबड्यांना घातली, कोंबड्यांनीही नाकं मुरडली. आणि कटुता नाही म्हणे! स्वतः कात्री लावायची आणि वर म्हणायचं, बघा, कापड किती नीट आहे.

माझी पाळी आली. प्रकाशकांनी वाकून कानात सांगितलं, "ताई, ती करवंदांची घ्या, छान होईल." मी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. "आता म्हणते ती या पुस्तकात नाही," मी म्हटलं. "फॉर्ममध्ये बसली नाही." प्रकाशकांचा हात माईककडं गेला, तशी मी म्हटलं, "राहू दे माईक. कोयनेच्या गाडीत माझा आवाज मागच्या सीटपर्यंत जातो."

आणि म्हटली. विहीर, हळदकुंकू, नारळ, धोतर, हात मागं बांधलेले गडी, खिशात हात घातलेला तरुण. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. "दोर धरा, दोर धरा" या ओळीला मी आबांकडं बघितलं. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

कविता संपली. वरच्या अंगाला दोन-तीन म्हातारे खाली बघत होते. त्यातला एक त्या दिवशी बांधावर उभा असलेला गडी होता, हे आईनं मला मागाहून सांगितलं.

पण चेअरमनसाहेब कच्च्या गुरूचे चेले नाहीत. पटकन उठले, हसले, डोळे रुमालानं टिपले. "अशा बापाचा सत्कार माझ्या हातून व्हावा, हे माझं भाग्य!" सूत्रसंचालन करणाऱ्यानं लगेच शाल आणि नारळ पुढं केला. चेअरमनसाहेब स्टेजवरनं उतरून आबांच्या खुर्चीपर्यंत चालत गेले. काय मोठेपणा! फोटोवाला पळाला. टाळ्या सुरू झाल्या, मघाच्यापेक्षा मोठ्या. मी स्टेजवरनं बघत होते. झालं, म्हटलं. एका शालीखाली सगळं झाकून टाकणार हा माणूस, आणि उद्या पेपरात हाच फोटो.

आबा उठले. उठायला त्यांना वेळ लागतो, खुर्चीचा हात धरून, मग गुडघा सरळ करून. चेअरमनसाहेबांनी शाल त्यांच्या खांद्यावर टाकायला हात वर केले, तसे आबा एक पाऊल मागं सरले. दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकमेकांत बांधून उभे राहिले.

टाळ्या थांबल्या.

चेअरमनसाहेब हळू आवाजात म्हणाले, "तेव्हा मी लहान होतो हो." माईक नव्हता, पण हॉल इतका गप्प होता की सगळ्यांना ऐकू गेलं.

"ल्हान न्हवता," आबा म्हणाले. "मिशा हुत्या तुमाला."

कुणीतरी मागं फिसकन हसलं आणि गप्प झालं. चेअरमनसाहेबांनी शाल हातावर टाकली आणि नुसता नारळ पुढं केला. आबांनी त्या नारळाकडं बघितलं.

"नारळ तवाबी दिला हुता, धाकलं मालक. म्या मागितला न्हवता. म्या दोर धरा म्हणलो हुतो."

आणि ते वळून दाराकडं चालायला लागले, पाय ओढत, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. आई उठली, मग आमच्या बायका उठल्या. चेअरमनसाहेब मधल्या वाटेत नारळ धरून तसेच उभे होते. त्यांनी प्रकाशकांकडं बघितलं, सूत्रसंचालकाकडं बघितलं, आपल्या गावाकडं बघितलं. हॉल माणसांनी भरलेला होता, पण तो नारळ त्यांच्या हातातनं घ्यायला एकही पुढं आला नाही.